शेऱ्याचा रकाना

शाळेच्या ग्रंथालयात काम शिकायला गेलेल्या माणसाच्या हातात आधी पुस्तक पडत नाही, दाखल नोंदवही पडते. जाड पुठ्ठ्याची, कापडी पाठीची, दोन्ही हातांनी उचलावी लागणारी. डाव्या पानावर तारीख, दाखल क्रमांक, लेखक, शीर्षक, प्रकाशक, प्रकाशनवर्ष. उजव्या पानावर पृष्ठसंख्या, किंमत, विक्रेता, बिलाचा क्रमांक नि तारीख, वर्गांक, आणि अगदी कडेला बोटभर रुंदीचा शेरा. शाळेत आलेल्या प्रत्येक पुस्तकाला इथे एक ओळ मिळते, आणि त्याचा क्रमांक पुढे कधीच दुसऱ्या पुस्तकाला दिला जात नाही. पुस्तक हरवलं, जीर्ण झालं, वाळवीने खाल्लं तरी ओळ जागेवर राहते. शेऱ्यात तेवढा एखादा शब्द येतो.

मी या कामाकडे उशिरा वळले. घाटकोपरच्या एका कचेरीत बरीच वर्षं हिशेब लिहिले, आणि धाकट्याची शाळा मार्गी लागल्यावर ग्रंथालयशास्त्राच्या पदवीला नाव घातलं. मुंबईत हा अभ्यास करायला वाटा बऱ्याच आहेत. मुंबई विद्यापीठ आहे, एसएनडीटी महिला विद्यापीठ आहे, नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांसाठी नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे. शिवाय राज्याच्या ग्रंथालय संचालनालयाची प्रमाणपत्र परीक्षा आहे, तिचे वर्ग जिल्हा ग्रंथालय संघ घेतात. कुठूनही शिका, प्रात्यक्षिक चुकत नाही. चालत्या ग्रंथालयात, तिथल्या ग्रंथपालाच्या नजरेखाली काम करायचं, रोजनिशी लिहायची, तिच्यावर सही घ्यायची, शेवटी अहवाल आणि तोंडी परीक्षा.

बरोबरच्या बहुतेकांनी महाविद्यालयं निवडली. त्यांचंही बरोबरच होतं. तिथे पदं आहेत, संगणक आहेत, नियतकालिकं आहेत. शाळेचं गणित अवघड आहे. आपल्याकडे माध्यमिक शाळेचा पट हजाराच्या वर असेल तर पूर्णवेळ ग्रंथपाल, पाचशे ते हजारात असेल तर अर्धवेळ. त्याच्या खाली कुणीच नाही. कपाटाच्या चाव्या एखाद्या शिक्षकाकडे असतात आणि त्याच्या डोक्यावर आधीच दहा कामं असतात. उपनगरांतल्या मराठी शाळांचा पट घटत चालला आहे हे इथे राहणाऱ्या कुणाला सांगायला नको. पट घटला की आधी तुकडी जाते, मग ग्रंथपाल अर्धा होतो, मग तोही जातो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेत ग्रंथालय असलं पाहिजे, तिथे वर्तमानपत्रं, मासिकं, सगळ्या विषयांची पुस्तकं आणि गोष्टीची पुस्तकंही हवीत, असं स्वच्छ लिहिलं आहे. त्याच परिशिष्टात कला, शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक आहेत. ग्रंथपाल नाही. पुस्तकं ठेवा असं कायदा म्हणतो, ती मुलाच्या हातात कोण देणार हे सांगत नाही. मला शाळाच हवी होती, ती याचमुळे.

माझी शाळा अंधेरी पूर्वेला, मरोळच्या बाजूची. अनुदानित, मराठी माध्यमाची, दोन अधिवेशनांत भरणारी. घाटकोपरहून अंधेरीकडे जाणं एके काळी बसमधला तास-दीड तासाचा छळ होता. २०१४ च्या जूनमध्ये मेट्रो सुरू झाली आणि असल्फा, साकीनाका, मरोळ नाका ही नावं एकामागून एक खिडकीखालून जाऊ लागली. मुलं येतात ती मिठी नदीच्या काठावरच्या वस्त्यांतून, चाळींतून, थोडी कामगार वसाहतींतून. वर्गात सगळी प्रमाण मराठी बोलतात, जिन्यावर मालवणी, अहिराणी, मराठवाड्याची बोली, आणि मधूनच भोजपुरी.

ग्रंथालय तळमजल्यावर, व्हरांड्याच्या टोकाला, प्रयोगशाळेला लागून. माझ्या आठवणीतलं शाळेचं ग्रंथालय म्हणजे काचेची कपाटं आणि पितळी कुलपं. आम्ही मुली काचेतून पुस्तकांच्या पाठी वाचायचो. इथे भिंतीला लोखंडी घोडे होते, उघडे, पाचवीतल्या मुलाचा हात पोचेल एवढ्याच उंचीचे. दिवसा एकही कुलूप नाही. फक्त प्रत्येक घोड्याचा सर्वांत खालचा कप्पा रिकामा. मला वाटलं, पुस्तकं कमी असतील. बाई म्हणाल्या, "आधी नोंदवही वाच. सगळी. शेऱ्याचा रकाना सोडू नकोस."

बाई म्हणजे तिथल्या ग्रंथपाल. निवृत्तीला थोडी वर्षं उरलेल्या, आवाज कधी न चढवणाऱ्या. मुलांच्या त्या लायब्ररीच्या बाई, शिपाईमामांच्या नुसत्या बाई, आणि मीही तेच म्हणू लागले.

हिशेबाच्या वह्या वाचायची सवय असल्यामुळे मला त्या रकान्यात लवकर दिसायला लागलं. जुन्या पानांवर निळ्या शाईत रुपये आणि पैशांतल्या किमती, आणि शेऱ्यात एकच शब्द: "जीर्ण". मग मधल्या काही वर्षांत "गहाळ, किंमत वसूल" असं ओळीने. मग एका ठिकाणी पानंच्या पानं एकच शेरा, एकाच हातचा: "२६ जुलैच्या पुरात खराब, निर्लेखित", म्हणजे हिशेबातून काढून टाकलेलं. २००५ च्या त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मिठीचं पाणी मिळेल त्या दारातून आत शिरलं. खालच्या कप्प्यातली पुस्तकं गेली. रिकामा कप्पा त्या पानांचा पुढचा भाग होता. पावसाळ्यात कुणी नव्याने आलेला शिक्षक तिथे पुस्तकांचा गठ्ठा ठेवायला गेला की मामाच त्याला थांबवायचे.

आणि २००५ नंतर काही पानांनी रकान्याची भाषा बदलत गेलेली दिसली. "किंमत वसूल" तुरळक झालं. "भिजले, दुरुस्त", "पाठ नवी", "गहाळ, ठरावानुसार निर्लेखित" असे शेरे सुरू झाले. हे बाईंच्या हातचे.

ठराव कसला, ते समजून घेताना या व्यवसायातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट माझ्या हाती लागली असं मला आजही वाटतं. शाळांतली कपाटं कुलुपात का असतात? पुस्तकांवर प्रेम नाही म्हणून नव्हे. मुलं पुस्तकं फाडतात म्हणूनही फारसं नाही. ती कुलुपात असतात कारण कुणाच्या तरी नावावर असतात. बदली झाली, निवृत्ती आली, कार्यभार सोपवायची वेळ आली की नोंदवही उघडते आणि मोजणी होते. कमी भरलेल्या प्रत्येक पुस्तकाचा जाब त्या माणसाला द्यावा लागतो, आणि पदरचे पैसे भरावे लागतील ही धास्ती त्याला वर्षानुवर्षं असते. ज्याने पुस्तक कधी दिलंच नाही त्याचं एकही कमी भरत नाही. त्याचा हिशेब चोख, आणि मुलं कोरडी.

रंगनाथनांचे ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम आम्हाला पहिल्याच सत्रात शिकवतात. १९३१ चं पुस्तक. पहिला नियम, ग्रंथ उपयोगासाठी आहेत. परीक्षेत तो एक ओळ लिहून दोन गुण मिळतात. पण रंगनाथन त्या नियमाचं विवरण युरोपातल्या मध्ययुगीन ग्रंथालयांपासून सुरू करतात, जिथे ग्रंथ फळीला साखळीने बांधलेले असत. मूळचे हे गणिताचे प्राध्यापक. १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले तेव्हा या कामात त्यांचं मन रमत नव्हतं, परत शिकवायला जायचं होतं. मग इंग्लंडला गेले, तिथली ग्रंथालयं हिंडून पाहिली, आणि परतले ते वाचकाला थेट घोड्यापर्यंत जाऊ द्यायचं हे ठरवूनच. बाईंच्या खोलीत बसून तो भाग मी पुन्हा वाचला तेव्हा पहिल्या नियमाच्या वाटेत नेमकं काय आडवं येतं ते कळलं. हिशेबाची भीती. आणि ती जाते कशाने? बाईंचं उत्तर होतं, हिशेब इतरांपेक्षा जास्त चोख ठेवून.

त्यांच्या टेबलाच्या खणात एक टाचलेला कागद असे. केंद्र सरकारचे सर्वसाधारण वित्तीय नियम, २०१७, त्यातला २१५ वा नियम. वीस हजारांपर्यंत ग्रंथ असलेल्या ग्रंथालयाने दरवर्षी पूर्ण पडताळणी करावी. आणि वर्षभरात घरी दिलेल्या व जागेवर वाचल्या गेलेल्या दर हजार ग्रंथांमागे पाच ग्रंथ गहाळ होणं वाजवी समजावं, मात्र त्यात अप्रामाणिकपणा किंवा हयगय नसावी; हजार रुपयांहून महाग किंवा दुर्मीळ ग्रंथ गेला तर चौकशी करावीच. राज्यातल्या अनुदानित शाळेला हा नियम थेट लागू होत नाही. पण बाईंनी तो शाळा समितीपुढे ठेवला, समितीने तीच मर्यादा आपल्यासाठी ठरावाने मान्य केली, आणि तेव्हापासून कुलपं उतरली.

बाईंनी मला तो कागद दोनदा वाचायला लावला. "हजारामागे पाच, पण कशाच्या हजारामागे?" कपाटात असलेल्या पुस्तकांच्या नव्हे; वाचल्या गेलेल्या पुस्तकांच्या. म्हणजे देवघेव जितकी जास्त, तितकी सूट जास्त. बंद कपाटातून एक पुस्तक नाहीसं झालं तर त्याला आधार काहीच नाही. दिवसाला दोन तुकड्यांना पुस्तकं देणाऱ्या ग्रंथालयाला वर्षाकाठी बरीच मोकळीक मिळते. नियम लिहिणाऱ्यांच्या मनात काय होतं कोण जाणे, पण तो उघड्या घोड्यांच्या बाजूचा आहे.

म्हणून त्या खोलीत देवघेवीची नोंद एक दिवसही चुकत नसे. भिंतीवर एक सूचना होती: वाचून झालेलं पुस्तक घोड्यावर परत ठेवू नका, टेबलावर ठेवा. मला आधी वाटलं, मुलं भलत्या जागी खोचतात म्हणून असेल. ते तर आहेच. पण टेबलावर साठलेली पुस्तकं तास संपल्यावर मोजता येतात, आणि ती "जागेवर वाचलेली" म्हणून वहीत चढतात. नवीन पुस्तक आलं की शिक्का तीन ठिकाणी: नामपत्रावर, शेवटच्या पानावर, आणि प्रत्येक ग्रंथालयाचं ठरलेलं एक गुप्त पान असतं, त्यावर. कुणी पहिली-शेवटची पानं फाडली तरी पुस्तक कुणाचं ते त्या पानावरून कळतं. आमच्या शाळेचं पान कोणतं ते मी इथेही लिहिणार नाही.

जुलैमध्ये सातवीतला एक मुलगा शाळेत यायचा बंद झाला. दोन-तीन दिवस कुणाला काही वाटलं नाही, पावसात गैरहजेरी असतेच. मग त्याच्या शेजारी बसणारा मुलगा मधल्या सुट्टीत दाराशी येऊन उभा राहिला. "बाई, तो घाबरतोय. घरात पाणी आलं ना, फास्टर फेणे भिजला." भा. रा. भागवतांच्या त्या मालिकेतलं पुस्तक. बाईंनी निरोप दिला: "पुस्तक जसं असेल तसं घेऊन ये म्हणावं. पैसे आणायचे नाहीत. तसंच सांग, विसरू नकोस."

दुसऱ्या दिवशी तो आला, पुस्तक प्लॅस्टिकच्या पिशवीत. दुपटीने फुगलेलं, कव्हर सुटलेलं, चिखलाचा वास. बाईंनी पहिल्यांदा त्याला विचारलं, घरी सगळे बरे आहेत ना, पाणी कुठवर आलं होतं, दप्तर वाचलं का. मग पुस्तकाकडे वळल्या आणि आम्हा दोघांना एकदमच शिकवायला लागल्या. उन्हात ठेवायचं नाही, कागद वाकडा होतो आणि पिवळा पडतो. ओलं असताना पानं ओढायची नाहीत. दर थोड्या पानांनंतर जुन्या वर्तमानपत्राचा तुकडा घालायचा, तो ओला झाला की बदलायचा. चित्रांचा गुळगुळीत कागद असेल तर एकेका पानाच्या मध्ये, आणि लगेच; तो एकदा चिकटून वाळला की सुटत नाही. मग पंख्याखाली उभं, पानं किंचित उघडी. अगदी थोडी ओल उरली की वजनाखाली. वजन म्हणून विश्वकोशाचे खंड. शेवटी कव्हर वेगळं वाळवून, पाठीला कापडी पट्टी लावून खळीने चिकटवायचं. खळीत चिमूटभर मोरचूद, म्हणजे कसर लागत नाही, आणि नंतर हात साबणाने धुवायचे, कारण मोरचूद विषारी.

वर्तमानपत्राचे तुकडे बदलायला तो मुलगा रोज मधल्या सुट्टीत येत होता. डबा तिथेच बाकावर खायचा. पुस्तक उभं राहिलं, जरा जाड झालं, वापरात गेलं. शेरा बाईंनी मला लिहायला लावला: "भिजले, दुरुस्त", तारीख, सही. त्या रकान्यात माझ्या हातची ती पहिली नोंद. तो मुलगा पुढे खळ लावण्यात इतका तरबेज झाला की फाटकी पुस्तकं बाई त्याच्यासाठी राखून ठेवू लागल्या.

वर्गीकरणाबद्दल थोडं बोललं पाहिजे, कारण पदवीच्या अभ्यासात ते सर्वांत मोठं आणि शाळेत पोचल्यावर सर्वांत अडचणीचं. मेल्व्हिल ड्युई या अमेरिकन ग्रंथपालाने १८७६ मध्ये सगळ्या ज्ञानाचे दहा भाग केले. साहित्य आठशेमध्ये. त्यात अमेरिकन साहित्याला ८१०, इंग्रजीला ८२०, असं करत करत आपली मराठी ८९१.४६ वर. कादंबरी-कथा ८९१.४६३. धर्माच्या दोनशेमध्येही तसंच, बहुतेक आकडे ख्रिस्ती धर्माकडे आणि हिंदू धर्म २९४.५ मध्ये, बौद्ध २९४.३ मध्ये. मराठी शाळेत याचा परिणाम असा होतो की निम्म्याहून जास्त पुस्तकांच्या पाठीवर एकच लांबलचक आकडा येतो आणि सहावीतल्या मुलीला त्यावरून काहीही सापडत नाही. बाईंचा तोडगा सरळ होता. नोंदवहीत आणि पाठीवर ड्युईचा आकडा लिहायचाच, कारण उद्या मूल मोठ्या ग्रंथालयात गेलं तर त्याला ती भाषा ओळखीची हवी. पण गोष्टींच्या घोड्यावर मांडणी मुलं मागतात तशी: भुताच्या, प्राण्यांच्या, हुशार मुलांच्या, हसायच्या, राजा-राण्यांच्या, खऱ्या माणसांच्या. पाठीवर रंगीत पट्टी. विज्ञान, इतिहास, भूगोल मात्र काटेकोर ड्युईप्रमाणे. तोंडी परीक्षेत मी हे सांगितलं तेव्हा परीक्षकांनी नापसंती दाखवली. मी तिथेही बाईंची बाजू सोडली नाही. रंगनाथनांचा चौथा नियम वाचकाचा वेळ वाचवा असं सांगतो, आणि शाळेतल्या वाचकाकडे वेळ फार थोडा असतो.

किती थोडा? तास पस्तीस मिनिटांचा, मुलं साठ. त्यात वर्गातून रांगेने यायचं आणि परत जायचं. ग्रंथपाल एकेकाची नोंद लिहीत बसला तर तास तिथेच संपतो. म्हणून प्रत्येक पुस्तकाला आत एक खिसा, खिशात पुस्तकपत्र; प्रत्येक मुलाचं एक वाचकपत्र, तेही खिशासारखं. पुस्तक दिलं की पुस्तकपत्र मुलाच्या खिशात सरकवायचं, तुकडीच्या खोक्यात ठेवायचं, पुस्तकातल्या कागदावर परतीच्या तारखेचा शिक्का मारायचा. परत आलं की उलट. शंभर वर्षांहून जुनी पद्धत, पण प्रत्येक तुकडीतली दोन मुलं ती आठवड्याभरात शिकतात आणि बाई मोकळ्या होतात. संगणकावर नोंदी चढवायचं कामही सुरू होतं, माझ्या वाट्याला त्यातली बरीच आली. शाळेचा संगणक कार्यालयात, आणि कार्यालयाला यू-डायस या सरकारी नोंदणीची, शिष्यवृत्तीची, परीक्षेची माहिती भरायची घाई; त्यामुळे ते काम जमेल तसं.

मोकळ्या झालेल्या बाई काय करत? घोड्यांमधून फिरत. हेच मी सर्वांत मन लावून पाहिलं. आठवीत एक मुलगी होती, जोडाक्षर आलं की अडखळायची. ती प्रत्येक तासाला जाड कादंबरी घेऊन जायची आणि पुढच्या तासाला तशीच परत आणायची. मैत्रिणींसमोर लहान मुलांचं पुस्तक कसं उचलणार? बाईंनी पातळ, मोठ्या अक्षरांची, चित्रांची पुस्तकं एका घोड्यावर वेगळी कधीच ठेवली नाहीत. माधुरी पुरंदरेंची पुस्तकं, नॅशनल बुक ट्रस्टच्या नेहरू बाल पुस्तकालयातली, जुने 'किशोर'चे अंक, सगळी मोठ्या पुस्तकांमध्ये मिसळलेली. आणि बाई दर तासाला अशातलं एखादं हातात घेऊन सगळ्या वर्गाला म्हणायच्या, हे मी काल वाचलं, मला फार आवडलं, कुणाला हवंय? मग दहा हात वर व्हायचे. त्या दहांत एकदा तिचाही आला. पुढच्या तासाला बाईंनी तिला काही विचारलं नाही, फक्त दुसरं तसंच पुस्तक तिच्या पुढ्यात ठेवलं.

बडोद्याचे महाराज सयाजीराव यांनी १९०६ मध्ये आपल्या सगळ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. शाळा सोडलेली मुलं वाचायला काही नसेल तर काही वर्षांत अक्षरं विसरतात, हे त्यांच्या लक्षात आलं होतं, आणि म्हणूनच १९१० मध्ये अमेरिकेहून बॉर्डन नावाच्या ग्रंथपालाला बोलावून त्यांनी गावोगाव ग्रंथालयं उभी केली, पेट्यांतून फिरती पुस्तकं पाठवली. ही गोष्ट मी परीक्षेसाठी पाठ केली होती. त्या मुलीकडे पाहताना ती मला शंभर वर्षं जुनी वाटली नाही. शाळेत असूनही अक्षर निसटू शकतं.

शुक्रवारी शेवटच्या तासाला बाई मोठ्याने वाचून दाखवायच्या आणि गोष्ट उत्कंठेला पोचली की थांबायच्या. पुस्तक कुठल्या घोड्यावर आहे ते तेवढं सांगायच्या. तास संपल्याची घंटा आणि त्या घोड्याकडची धाव एकदमच व्हायची. पुढे हे काम त्यांनी मला दिलं. माझा आवाज मागच्या बाकापर्यंत पोचत नाही असं त्यांनी रोजनिशीत लिहिलं, आणि पुढच्या आठवड्यात पोचला असंही लिहिलं. १५ ऑक्टोबरच्या वाचन प्रेरणा दिनाला इतर शाळांत फलक नि भाषणं होतात. इथे त्या दिवशी मुलांना एकाऐवजी दोन पुस्तकं घरी न्यायची मुभा होती, एक घरातल्या मोठ्यांसाठी. सोमवारी एका मुलाने सांगितलं की आजीने "श्यामची आई" अजून परत द्यायला नकार दिला आहे. बाईंनी मुदत वाढवून दिली.

दिवाळीच्या सुट्टीत पडताळणी झाली. एकाने घोड्यावरचा क्रमांक मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने नोंदवहीत पेन्सिलीने खूण करायची, आणि देवघेवीत असलेल्यांची पुस्तकपत्रं खोक्यातून ताडून घ्यायची. मामांचा आवाज खणखणीत, म्हणून क्रमांक ते वाचत. खुणा न झालेल्या ओळी शेवटी एका कागदावर उतरवल्या. संख्या ठरावाच्या मर्यादेच्या बरीच आत होती. पण बाईंना संख्येपेक्षा नावांत रस होता. यादीत गणिताचं एकही पुस्तक नव्हतं, कुणाचे समग्र खंड नव्हते. होते ते भुताच्या गोष्टी, फास्टर फेणेचे आणखी दोन भाग, क्रिकेटवरचं एक, बाबासाहेबांचं मुलांसाठीचं चरित्र, चित्रकलेचं एक. "जे हरवतं ते कुणाला तरी हवं असतं," बाई म्हणाल्या, "खरेदीच्या यादीला सुरुवात इथूनच कर." मी केली. निर्लेखनाचा प्रस्ताव आणि खरेदीची यादी एकाच पाकिटात मुख्याध्यापकांकडे गेली आणि दोन्हींत तीच नावं होती. सरांनी भुतांबद्दल विचारलं. बाईंनी देवघेवीची वही पुढे केली: गेल्या वर्षभरात त्या रंगाची पट्टी सगळ्यांत जास्त फिरली होती. सही झाली.

माझी पदवी झाली. आता मुलुंडच्या एका शाळेत अर्धवेळ जागेवर आहे. इथे कपाटं काचेची आहेत, कुलपं आहेत, आणि चाव्या ज्यांच्याकडे होत्या त्या शिक्षिका निवृत्त होईपर्यंत एकही पुस्तक हरवलं नाही. त्यांनी मला जुडगा देताना प्रत्येक चावीला चिठ्ठी बांधून दिली होती, इतक्या काळजीने त्यांनी ते सगळं सांभाळलं होतं. त्यांची काळजी काय होती हे मला पुरेपूर समजतं. म्हणून कुलपं काढा असं मी मुख्याध्यापिकांना म्हटलं नाही. आधी पूर्ण पडताळणीची परवानगी मागितली, म्हणजे जे आहे ते लेखी होईल, आणि २१५ व्या नियमाची प्रत जोडून शाळा समितीसाठी ठरावाचा मसुदा दिला. समितीची बैठक पुढच्या महिन्यात आहे. तोवर पाचवी-सहावीसाठी एक कपाट उघडायला मुख्याध्यापिकांनी होकार दिला आहे. खालचा कप्पा मी रिकामा केला, वाचलेली पुस्तकं ठेवायला दाराशी एक टेबल मागून घेतलं, आणि देवघेवीची वही पहिल्या दिवसापासून सुरू आहे. बैठकीत ती सोबत नेणार आहे.